स्कॉटलंडचं साटंलोटं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांचा टीव्ही बंद होता, म्हणून त्यांच्या खाटेशी बसून मी रोज काहीतरी वाचून दाखवायचे. मी पेणला रामवाडीतल्या एका क्लासमध्ये इतिहास शिकवते. त्या दुपारी हातात स्कॉटलंडच्या एका मध्ययुगीन राजावरचं पुस्तक होतं. ते मी मुद्दाम निवडलं होतं, खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं मला बाबांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. चुकलं.

त्या राजाने जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. म्हातारपणी इंग्लंडचा राजा फौज घेऊन अंगावर आला, तेव्हा याने तह केला आणि आपल्या दोन मुली त्याच्या हवाली केल्या. त्यांची लग्नं तिकडच्या राजपुत्रांशी लावायची, असं ठरलं.

"मंग लढाई टळली ना?" बाबांनी विचारलं.

"टळली."

"मंग बरा केलान."

माझं डोकंच तडकलं. आमचं गाव खाडीकाठचं, प्यायच्या पाण्याचे हाल. आमच्यासारख्या मिठागरवाल्याच्या घरात मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं. दादाची तिशी उलटली तेव्हा बाबांनी निडीजवळच्या एका शेतकरी घराशी साटंलोटं केलं. त्यांची मुलगी आमच्या दादाला, मी त्यांच्या मुलाला. मला कोणी विचारलं नाही, वहिनीलाही नसणार. पण नवरा चांगला निघाला. अंगणात विहीर होती. पहिल्या दिवशी मी चार बादल्या पाणी घेऊन आंघोळ केली, आणि कोणी काही बोललं नाही.

दोन वर्षांनी टँकरच्या रांगेवरून वहिनीचं आणि आईचं वाजलं. बाबांनी स्वतः वहिनीला कासू स्टेशनला नेऊन माहेरच्या गाडीत बसवलं. साट्यालोट्यात एका घरची सून परत गेली की दुसऱ्या घरचीही परत येते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांना कळत नव्हतं असं मी कसं मानू? आठव्या दिवशी निडी स्टेशनवर नवऱ्याने मला गाडीत बसवलं. पाण्याची बाटली हातात दिली आणि मान खाली घालून आपल्या थोरल्या भावामागून निघून गेला. वर्षाच्या आत दादाचं दुसरं लग्न झालं. पंगतीत मी वाढत होते.

"त्या पोरींची लग्ना झाली का गो तिकडं?" बाबांनी मध्येच विचारलं.

"राजपुत्रांशी नाय झाली. नुसत्या अडकून पडल्या. बाप मेला तरी तिकडंच."

"म्हंजे त्यानं परत आणल्या नाय." बाबा जरा सावरून बसले. "मी तुला आणली."

आणली! हे वाक्य ते वर्षानुवर्षं पाहुण्यारावळ्यांना ऐकवत आले होते, आणि मी दर वेळी चहाचे कप उचलून आत गेले होते.

"आणली नाय, बाबा. तुमी वहिनीला हाकललात, म्हणून त्यांनी मला हाकललं."

बाबांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी चाचपली. चादरीचा काठ सारखा केला. मी पुस्तकात बोट घालून वाट बघत राहिले.

"पुढचा वाच," ते म्हणाले.

पुढच्या पानावर राजाच्या मुलाचं लग्न होतं, त्याच इंग्रज घरातल्या मुलीशी. वाचलं मी.