यागोदाने उतरवलेलं वजन

सर्बियातल्या सोंबोर गावी, बाजारामागच्या गल्लीत यागोदाचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीला टेकून ठेवलेला जुना ड्रायर. ऐन तारुण्यापासून ती तिथे दिवसभर उभी राहत आली आणि त्या उभं राहण्यानेच तिचा उजवा गुडघा गेला. पंचावन्नाव्या वर्षी ती जिना एका अंगाने वळून, कठड्याला धरून चढायची. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला.

"सांधा बदलावा लागेल. पण आधी वीस किलो उतरवा. या वजनावर मी ऑपरेशन करणार नाही."

"कसे उतरवू?"

"कमी खा. चाला."

"चालता आलं असतं तर इथे कशाला आले असते?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

'कसे' याचं उत्तर तिला दुकानातच मिळालं. बायका केसांना रंग लावून बसल्या की नवऱ्यांनंतर डाएटचाच विषय निघायचा. बँकेत काउंटरवर बसणारी स्नेझाना भावाच्या लग्नाआधी चांगलीच बारीक झाली होती. तिने यागोदाला सगळं सांगितलं: कोबीचं पातळ सूप, दोन उकडलेली अंडी, एक सफरचंद, बिनसाखरेची कॉफी. दिवसाला पाचशे कॅलरी, त्याच्यावर एक घास नाही.

"चक्कर नाही का येत?" यागोदाने विचारलं.

"पहिला आठवडा येते. मग शरीराला सवय होते."

यागोदाने सप्टेंबरात सुरुवात केली. याहून वाईट महिना तिला निवडता आला नसता. गावभर लाल ढोबळ्या मिरच्या भाजून वर्षभराची चटणी करून ठेवायचे दिवस ते. तिचा नवरा रादिवोय, निवृत्त बसड्रायव्हर, अंगणात चुलीशी बसून मिरच्या उलटत होता आणि गरम चटणी पावावर घेऊन चाखत होता. ती खिडकी लावून घेऊन सूप प्यायची.

पण वजन उतरलं, हे खरं. पहिल्याच महिन्यात स्कर्ट सैल झाला. गुडघ्यावरचा भार हलका झाल्याचं तिला जिन्यावर स्पष्ट कळलं, ती सरळ पाय टाकून वर आली. रक्तातली साखर कधीची वर चढलेली होती, तीही खाली आली. गिऱ्हाइकं म्हणायची, "दहा वर्षांनी लहान दिसतेस." तिलाही तसंच वाटत होतं, आणि ते सुख खोटं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात बाकीचं सुरू झालं. दुकानात शेगडी पेटलेली असूनही तिची बोटं गार पडायची. रात्री झोप लागेना. रादिवोयने टीव्हीचा आवाज वाढवला एवढ्यावरून तिने त्याच्यावर रिमोट फेकला.

"जाडी होतीस तेव्हा निदान बोलायचीस तरी," तो म्हणाला आणि रिमोटची बॅटरी शोधायला सोफ्याखाली वाकला.

मग केस. सगळ्या गावाचे केस हाताळणाऱ्या बाईला स्वतःच्या कंगव्यात गुंतवळ दिसल्यावर काय वाटलं असेल! ती कोणाला बोलली नाही, भांग दुसऱ्या बाजूने पाडायला लागली. एकदा म्हाताऱ्या एर्झीबाईंचे केस कापताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कात्री कानाला लागली. थोडंसंच रक्त आलं.

"कान तेवढा ठेव गं," एर्झीबाई आरशात बघत म्हणाल्या. "चष्मा कशावर अडकवू? आणि तू आज सकाळी काय खाल्लंस?"

"सफरचंद."

"घोड्याला पण त्याहून जास्त घालतात."

यागोदा हसली, पण डाएट सोडलं नाही. वीस किलोंना आता थोडेच उरले होते.

नोव्हेंबरात घराण्याच्या रक्षक संताचा, मिखाएलचा सण आला. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना वाढायचं आणि आपण ताटावर बसायचं नाही, हे तिला शक्य नव्हतं. आंबवलेल्या कोबीच्या पानांतला खिमा, डुकराचं भाजलेलं मांस, अक्रोडाचा केक. तिने सगळं घेतलं, थोडं थोडंच. पाहुणे निघायच्या आत उजव्या बरगडीखाली कळ उठली आणि पाठीत शिरली. ती ओट्याला धरून खाली बसली. रादिवोयला वाटलं हृदयच बंद पडतंय. त्याने हातातला ग्लास तसाच ठेवून गाडी काढली.

हृदय ठीक होतं. पित्ताशय खड्यांनी भरलं होतं आणि सुजलं होतं. दोन दिवसांनी ते दुर्बिणीतून काढून टाकलं.

वॉर्डात मार्टिनोविचबाई नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून बोलल्या.

"इतक्या झपाट्याने वजन उतरलं आणि खाण्यात चरबी जवळजवळ नसली, की पित्त साठून राहतं. त्याचे खडे होतात. सगळ्यांना होत नाहीत, तुम्हाला झाले. केसही अशा उपासमारीनेच गळताहेत."

"पण साखर उतरली ना? गुडघा पण बरा आहे."

"उतरली. ते मी नाकारत नाही. आम्हीसुद्धा काही पेशंटना इतकं कमी खायला देतो. पण प्रथिनं मोजून देतो, अधूनमधून रक्त तपासतो आणि ठरलेल्या दिवशी थांबवतो. तुम्ही विचारायला यायला हवं होतं."

"आले असते तर तुमच्याकडे तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली असती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो. बहुतेक तसंच झालं असतं."

घरी आल्यावर यागोदाला भूक लागली ती थांबेचना. ईस्टरपर्यंत गेलेल्यातलं निम्मं वजन परत आलं. त्या दिवसांत ती दुकानातल्या आरशाकडे पाठ करून कॉफी प्यायची. मार्टिनोविचबाईंनी तिला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. त्या मुलीने काहीच बंद केलं नाही: पाव निम्मा, सकाळी अंडी आणि दही, चरबी थोडी पण रोज. शिवाय पोहण्याच्या तलावात कंबरभर पाण्यात चालणं. तिथे एर्झीबाई आधीपासूनच होत्या. वजन इतकं हळू उतरायचं की कधी कधी महिनाभर काटा हलायचाच नाही. यागोदा रडली, चिडली, एकदा रादिवोयबरोबर अख्खा केक संपवला, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरली.

दीड वर्षाने हाडांच्या डॉक्टरांनी काटा पाहून तोंड वाकडं केलं. वीस नव्हते, चौदाच होते. तरी ऑपरेशन झालं. केस परत आले, पूर्वीपेक्षा विरळ.

स्नेझानाचंही वजन केव्हाच परत आलं होतं. एका वसंतात ती रंग लावून बसली असताना म्हणाली, "पुन्हा करू का गं सूपवालं? तू नको म्हणणार."

"मी नको म्हणत नाही," यागोदा म्हणाली. "वजन उतरतं, अंगाला हलकं वाटतं, ते मी बघितलंय. किती दिवस टिकतं तेही बघितलंय. करायचंच असेल तर आधी पोटाची सोनोग्राफी कर, रक्त तपासून घे, आणि डॉक्टरला सांगून कर."

स्नेझानाने सोनोग्राफी केली. एक छोटा खडा निघाला. झालं, ती यागोदावरच रुसली, जणू तो खडा तिनेच आत टाकला होता. दोन महिने कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात जात राहिली. तिथे त्यांनी केसांचा रंग गाजरासारखा करून ठेवला, तेव्हा डोक्याला रुमाल बांधून परत आली. यागोदाने रुमाल सोडला, बघितलं आणि पाणी गरम करायला ठेवलं.