बुधवारी दुपारी कोण बसलं होतं

प्रल्हाद गजभियेकाका. रायपुरात मी टिकले ती ह्या माणसामुळे. त्यांचं नाव आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना माझा हात मागे फिरेल अशी धास्ती आहे… सव्वा महिन्यापूर्वी काका गेले. त्यांच्या मुलीचा सकाळी फोन आला, हिंदीतच बोलली, "दीदी, पापा नहीं रहे." मी माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, ते तसंच ठेवून पायरीवर बसले. दुःख झालं ते झालंच, पण त्याच्याही आधी मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, आता सांगायचं राहिलंच.

मी हिंगणघाटकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि चार वर्षांनी ते घर सोडून मी मावशीच्या ओळखीनं इकडे आले. भावानं निघताना सांगितलं होतं, काम सुटलं तर माझ्या दारात येऊ नको, नवऱ्याकडेच जा. नवऱ्याकडे काय होतं ते मलाच माहीत होतं, म्हणून काम सुटणं हे दोन शब्द मी तोंडातूनही काढत नसे. छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी म्हणून चौबे कॉलोनीत घराघरांच्या पुढच्या खोल्यांत ऑफिसं निघत होती. पाटीचा रंग वाळत नाही तोच पत्ता बदलायचा. अशाच एका ऑफिसात मला टायपिंगचं काम मिळालं. ठेकेदारांसाठी टेंडरचे कागद तयार करायचे, त्यांच्या चिठ्ठ्या, म्हणजे ईमेल, कॉम्प्युटरवर मागवायच्या. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. एक मशीन, एक टेलिफोन आणि एक मी, एवढंच ऑफिस.

मशीन काकांनी लावून दिलेलं. ते रेल्वेत टेलिफोनच्या कामावर होते आणि सुटीच्या दिवशी लोकांचे कॉम्प्युटर पाहायचे. त्यांनी त्यात लिनक्स टाकलं होतं. फुकट मिळतं आणि व्हायरस लागत नाही, ह्या दोन गोष्टींवर भैयाजी खूश. पण लिनक्समध्ये ज्यानं त्यानं आपापल्या नावानं बसायचं असतं, आणि रूट म्हणून एक मोठं नाव असतं, त्याला सगळं चालतं. भैयाजी सकाळ-संध्याकाळ रूटनं बसले की मोडेम किरकिर करून इंटरनेट लावून द्यायचं. मी माझ्या नावानं बसून लावलं की पडद्यावर एकच ओळ, परमिशन डिनाइड. मला ती मशीनची ओळ वाटायचीच नाही. वाटायचं, हे मशीनलाही कळलं का, की मी आठवी आहे.

काका ते दुरुस्त करायच्या मागे लागले होते. एकदा त्यांनी मोडेम सगळ्यांसाठी मोकळं केलं, तर दुसऱ्या दिवशी मशीन चालू केल्यावर ते पुन्हा बंद. मधल्या दिवसांत ते ड्यूटीवरून फोन करून सांगायचे.

"शालू, आता लावून पाय बरं."

"काका, लाइनवर तुम्ही आहा ना. एकच फोन आहे."

"अस्सं… मंग ठेव अन् लाव."

मी ठेवायची, लावायची, लागायचं नाही, मग पुन्हा त्यांना फोन. भैयाजी टोमणे मारत, "गजभिये जी, आपका लिनक्स है कि सरकारी दफ्तर? हर काम में परमिशन." काका हसायचे. रूटचा पासवर्ड मला द्यायला भैयाजी तयार नव्हते आणि काकाही नको म्हणत. म्हणायचे, "ज्या कामाले जेवढा हक्क लागते तेवढाच द्याचा. पन तेवढा द्याचाच." पासवर्ड मला माहीत होता, हे दोघांनाही माहीत नव्हतं. भैयाजी धाकट्या मुलीचं नाव एक एक अक्षर पुटपुटत टाइप करायचे, तीन हातांवर बसून मी ते ऐकायची.

अशाच एका आठवड्यात भैयाजी दोन दिवस बिलासपूरला गेले होते. बुधवारी दुपारी एका ठेकेदाराचा फोन आला, मग अर्ध्या तासानं त्याचाच दुसरा, मग तिसरा. "मैडम, चिट्ठी आई क्या? देख तो लो." मी किती वेळा सांगणार की मला बघता येत नाही. शेवटी मी माझ्या नावातून बाहेर पडले आणि रूटनं आत गेले. लागलं. सहा चिठ्ठ्या आल्या. चार हिंदीत होत्या, त्या वाचल्या. दोन इंग्रजीत, त्यातलं मला काही कळलं नाही. ठेकेदाराचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून त्याला सांगितलं, नहीं आई. आणि मग घाबरले. त्या चिठ्ठ्या भैयाजींच्या डब्यात उघडलेल्या दिसत होत्या. उद्या येऊन ते बघतील, विचारतील, किसने खोला? मी सहाच्या सहा पुसून टाकल्या. मला वाटलं, भैयाजी येऊन लावतील तेव्हा त्या पुन्हा वरून येतील. टपाल एकदा हातात पडलं की पोस्टात उरत नाही, एवढी साधी गोष्ट मशीनपुढे बसल्यावर सुचली नाही.

त्या दोन इंग्रजी चिठ्ठ्यांपैकी एक टेंडरचं शुद्धिपत्रक होतं. शेवटची तारीख अलीकडे आणली होती. ठेकेदाराला ते कळलं तेव्हा तारीख निघून गेली होती. तो ऑफिसात येऊन जे बोलला ते बोलला, आणि भैयाजींनी काकांना बोलावून घेतलं. रविवारची वाटही पाहिली नाही.

"आपका लिनक्स चिट्ठी खा गया, गजभिये जी."

काका मशीनपुढे बसले. काहीतरी टाइप केलं, पडद्यावर ओळीच ओळी आल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग त्यांनी भैयाजींना विचारलं, "आप बिलासपुर किस दिन थे?" भैयाजी म्हणाले, "मंगल-बुध. उससे क्या?" काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्यावरच्या ओळी पुसल्या आणि म्हणाले, "कुछ नहीं. मेरी ही सेटिंग में गलती रह गई थी, भैयाजी. माफ करना." मी कपाटाला टेकून उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं… नाही उघडलं.

जाताना त्यांनी एक तास मागून घेतला. मशीनमध्ये एक यादी असते म्हणाले, फोन लावायचा हक्क ज्यांना आहे त्यांची. त्यात माझं नाव चढवलं. मी लावून पाहिलं, पुन्हा तेच, परमिशन डिनाइड. माझे डोळे भरले. काका म्हणाले, "थांब. नाव चढलं, पन तू आधीचीच बसली आहेस. एकदा बाहेर निघ अन् परत आत ये." बाहेर पडले तर आत घेईल का, ही भीती होती. बाहेर पडले, आत आले, मोडेम किरकिरलं आणि लागलं. माझ्या नावानं. काका चष्मा पुसत म्हणाले, "आता तुले कोनाचं नाव घ्याची गरज नाही." मी त्याचा अर्थ तेव्हा एवढाच घेतला की काम झालं.

भैयाजींनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि ठेकेदार मंडळींत बातमी फिरल्यावर आणखी काही ऑफिसांनीही सोडलं. मी मात्र तिथं नऊ वर्षं राहिले. सणावाराला काकांच्या क्वार्टरवर जायची, मशीनमधलं काही अडलं तर विचारायची, ते कागदावर चित्र काढून समजावायचे. पुढे तेलीबांध्याला मी स्वतःचं फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तिथंही लिनक्सच. एकदा कामाला असलेल्या मुलींमध्ये भांडण झालं, शेवटी मशीनवर कोण बसलं होतं म्हणून. मी काकांना फोन केला. त्यांनी एक शब्द टाइप करायला सांगितला. पडद्यावर यादी आली: कोणत्या नावानं, कोणत्या वारी, किती वाजता कोण बसलं. ओळीच ओळी. मी त्याआधी त्या एकदाच पाहिल्या होत्या, लांबून, कपाटाला टेकून. फोन कानालाच होता. पलीकडून काका म्हणाले, "दिसलं का?" मी म्हटलं, "हव." काकांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी तीनदा सांगायला गेले. एकदा काकू म्हणाल्या, "एक चूक झाली म्हने यायच्या हातून, अन् कोनी बोलावेनाच मंग. लय जीव होता यायचा त्या कामात." म्हणजे काकांनी घरीही सांगितलं नव्हतं. काका बाजूलाच पेपर वाचत होते, पान उलटून म्हणाले, "चहा टाक, शालू आली आहे." चहा पिऊन मी परत आले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला भैयाजी आले होते, आता थकलेत. बाहेर चपला घालताना शेजारच्या माणसाला म्हणाले, "आदमी हीरा थे. बस, एक बार हमारे यहाँ चूक गए थे." मी दोन पावलांवर होते. ह्याही वेळी गप्प राहिले.

म्हणून हे लिहायला घेतलं. छापायला द्यायच्या आधी काकूंना वाचून दाखवलं. ऐकताना त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिली? मी त्यायले कधी चुकले म्हटलं का? ज्यानं म्हटलं त्याले सांग."

भैयाजी मराठी वाचत नाहीत. हे लिहायला बसले तेव्हाही मला ते ठाऊक होतं… कदाचित म्हणूनच एवढं लिहिता आलं. आता ते पंडरीच्या बाजारात मुलाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यापाशी बसतात. मी दोनदा जाऊन आले. एकदा दारातूनच वळले. एकदा त्यांनी "आओ, क्या दिखाएँ?" विचारलं आणि मी दोन मीटर अस्तर घेऊन परत आले. अस्तर घरी पडून आहे, त्याचं काही शिवलं नाही. काका, वाक्य तयार आहे, हिंदीत, छोटंसं: वो चिट्ठियाँ मैंने मिटाई थीं. तुमचं एवढंच मला परत करता येण्यासारखं आहे, आणि ते मी करीन. तिसऱ्यांदा जाईन तेव्हा गिऱ्हाईक म्हणून जाणार नाही.