तिसरी हाक

बायकोला साखरेचा आजार निघाला तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलेलं. रोज सकाळी देवाला फूल वाहायची ती, आणि आजार झाला तोही तिलाच. माझं शिक्षण जेमतेम चौथी, पण हे मला पटेना. तिने मात्र मनात धरलं की महाशिवरात्रीला येऊरच्या रानातून चालत कान्हेरीच्या गुंफांपर्यंत जायचं. ऐंशीच्या दशकात आमच्या कोलशेतची बरीच माणसं तशी जायची. मी तिला सांगितलं, "येतो, पण तुझ्यासाठी. त्याच्यासाठी नाही."

"कुनासाठी का असंना, चला तर खरं," ती हसून म्हणाली.

नौपाड्यातल्या डॉक्टरांनी बजावलेलं की गोळी घेतली की वेळेवर खायचंच, उपास असला तरी, नाहीतर साखर एकदम उतरते. म्हणून उकडलेली रताळी आणि गुळाचा खडा असं गाठोडं बांधून मी खांद्याला अडकवलेलं. रान तेव्हा पानगळीचं होतं, पायाखाली पाला वाजत होता, मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. चालायला छान वाटत होतं. पण आळीतली माणसं पुढे, आणि मला कुणाच्या मागून चालणं जन्मात जमलं नाही. एका ओढ्याला आम्ही तोंड धुतलं आणि मी तिला घेऊन वेगळी पायवाट धरली. खाडीत वाढलेला माणूस मी. दुपारी वारा मावळतीकडून येतो, तो तोंडावर घेतला की मावळतीची दिशा चुकत नाही. कान्हेरीही मावळतीलाच. मग वाट विचारायची कशाला?

थोडं पुढे गेलो आणि मागून बाईच्या आवाजात हाक आली, "ओ दादाऽऽ!" बायको वळून बघणार, तर मी तिचा हात धरला. रानात असो की खाडीवर, मागून आलेल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नको ते असतं ते दोनदाच हाकारतं म्हणतात. दुसरी हाक आली तेव्हा तर मी पाय उचलून चालू लागलो. बायको मागून म्हणत राहिली, "अवं, तिसरीची वाट तरी बघा!" मी ऐकतोय कुठला.

पुढे एक पांढऱ्या खोडाचं कांडोळाचं झाड लागलं. बरंच चाललो, तर पुन्हा तेच झाड. वारा अजून तोंडावरच होता, पण डोंगर त्याला वाटेल तसा वळवत होता, ते मला उमगलंच नाही. खाडीला कुठे डोंगर असतात! तेवढ्यात बायको मटकन खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. "खायला द्या," एवढंच बोलली. मी खांदा चाचपला. गाठोडं नव्हतं. तोंड धुताना ओढ्याकाठच्या फांदीला अडकवलं ते तिथेच राहिलेलं. आणि ओढा कुठल्या बाजूला, ते मला सांगता येईना.

तिला सोडून धावायचं तर कुठे? तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसलो. किती तरी दिवसांनी मनातल्या मनात देवाशी बोललो, "बाबा, माझं आता काही चालत नाही. हिला बघ."

तेव्हा हाक आली, "ओ दादाऽऽ!"

मी जीव खाऊन ओ दिली.

झाडीतून एक वारली बाई आली, धापा टाकत. डोक्यावर लाकडाची मोळी आणि हातात आमचं गाठोडं. "कवाची हाका मारतंय! तुमी काय वाघ मागं लागल्यावानी पळत सुटले?"

"दोनच हाका ऐकल्या, बाई," मी कसाबसा म्हणालो.

"तिसरी ऐकाया थांबाल तर ना!"

मी गूळ बायकोच्या तोंडात घातला. हळूहळू तिचा घाम सुकला, नजर ठिकाणावर आली. रताळं खाता खाता ती म्हणाली, "बाय, यांना थांबवायला मला बसावं लागतं बघ." दोघी हसल्या. मला हसू येईना, डोळे भरून आलेले.

कान्हेरी त्या दिवशी झाली नाही. बाईने आम्हाला तिच्या पाड्यापाशी आणलं. तिथे शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. बायको म्हणाली, माझी शिवरात्र इथेच पावली, आणि तिने डोकं टेकलं. मीही टेकलं. मान वर करून बघतो तर ती बाई मोळी घेऊन आपल्या घरात शिरलेली. तिला नाव विचारायचं राहून गेलं.

तो देवाचा खेळ की नुसता योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने मानावं. मला एवढंच कळलं की मी देवाला बोललो म्हणून मदत निघाली असं नव्हे. ती केव्हाची निघालेली, आमचा जीव हातात घेऊन मागून चालत होती. मीच तिच्यापुढे पळत होतो. बसलो, तेव्हा तिने मला गाठलं.