ड्रॅगनचा तिसरा भाग

त्या ड्रॅगनच्या पुस्तकमालिकेचा पहिला भाग आज पार्सलनं आला. पुठ्ठ्याच्या वासासरशी मी मनानं लहानपणीच्या, अंजूर गावातल्या आमच्या ओट्यावर जाऊन बसले.

बाबा जवळच्या वळ गावातल्या गोदामात कामाला होते. तिथून त्यांनी आणलेला, कव्हर फाटलेला तिसरा भाग मी वाचत होते. ड्रॅगन रडत होता, पण आधीचे भाग नसल्यानं कुणासाठी, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात वळच्या बाजूला काळा धूर चढला. बाबांचा फोन नुसता वाजत राहिला. कामावर शिरताना तो गेटवरच ठेवावा लागे.

"मोठ्यानं वाच, गप नको बसू," आई म्हणाली. मी वाचतच राहिले.

बाबा आले, काजळीनं माखलेले.

"सगली भायेर आली ना?" आईनं विचारलं.

बाबा तोंड फिरवून काजळीचे हात पुसत राहिले. आई ओक्साबोक्शी रडली.

ड्रॅगनचं आता कळेल. त्या दिवशी आई कुणासाठी रडली, ते विचारायचा धीर अजून होत नाही.