हाताचं कौतुक

"याचा हात बघा. उंदराला कळतसुद्धा नाही. रक्तातच असतं यांच्या."

पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना माझे मार्गदर्शक म्हणाले. पाहुणे हसले. माझ्या हातात पांढरा उंदीर होता, नुकताच मारलेला. मीही हसलो.

ते हसणं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

मधुमेहाच्या संशोधनात मी आलो तो आईमुळे. खापरखेड्याच्या वसाहतीत आमचं घर. साखरेनं तिच्या पायांची जाणीव गेली होती. चप्पल वाटेत निसटायची, तिला घरी आल्यावर कळायचं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मेंदूतल्या पेशींसारखीच वीज सोडतात, असं वाचलं आणि ठरवलं, ही वीज आपण मोजायची.

प्रयोगाचे दोन भाग. आधी उंदीर मारून स्वादुपिंड काढणं. मग सूक्ष्मदर्शकापाशी बसून पेशी वेचणं, त्यांची वीज मोजणं. प्रबंध दुसऱ्या भागावर होतो. मला पहिला भाग मिळाला. चार वर्षं. दोनशे अकरा उंदीर. मोजायला मी चोरून शिकलो, रविवारी, कुणी नसताना.

माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं पाणी तोडलं. तरी नाही ओढली. त्यांचा नातू पांढरा कोट घालून मेलेली जनावरं उचलत होता आणि कौतुक झालं की हसत होता.

इथवरचं मी स्वतःला माफ करू शकतो. पुढचं नाही.

आता नागपुरात माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. तीन विद्यार्थी. त्यातली एक मुलगी खाप्याची, वडील हिंगण्याला कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात तिनं उंदीर न घाबरता धरला. मी म्हणालो, "हात साफ आहे तुझा," आणि उंदरांचं काम तिच्याकडे दिलं. तिचं आडनाव मी आधीच वाचलं होतं. आमच्यातलंच. ही नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं, ते वेगळं सांगायला नको.

गेल्या महिन्यात तिच्या कामाचा आढावा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पेशींची वीज तुम्ही स्वतः किती वेळा मोजली?"

"एकदाही नाही, सर."

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदांकडे. शेरा पडला: काम अपुरं. प्रबंधाची मुदत संपायला सहा महिने उरले होते.

बाहेर मी तिची समजूत काढायला गेलो. "अगं, तुझ्यासारखा हात कुणाचाच नाही."

"माह्या हाताचं कौतुक नका करू, सर. मले खुर्ची द्या. अडीच वर्षं झाले, मी उभीच आहो."

खोलीत येऊन कामाची वही काढली. 'प्राणी' या रकान्यात तिची सही एकशे अठरा वेळा. 'सूक्ष्मदर्शक' या रकान्यात शून्य. माझ्या मार्गदर्शकांनी असली वही ठेवलीच नव्हती. मी ठेवली होती. दर शुक्रवारी तपासून खाली सही करत होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उंदीर मारायच्या पाळ्या लिहिल्या. सोमवार माझा. मंगळवारी ज्याचं नाव आलं, तो एका प्राध्यापकांचा मुलगा. म्हणाला, "सर, मला रक्त नाही बघवत. तिला किती छान जमतं!"

"मलाही बघवत नव्हतं. मंगळवार तुझा."

ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. मी मागे उभा. दहा मिनिटांनी म्हणाली, "सर, मांगं नका ना उभे राहू. पेशी निसटून जाते." मी बाजूला झालो. त्या दिवशी तिला एकही पेशी नीट धरता आली नाही. अडीच वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं ते.

मुदतवाढीचा अर्ज मार्गदर्शकानं भरायचा असतो. 'विलंबाचे कारण' यापुढे मी लिहिलं: मार्गदर्शकाने काम शिकवले नाही. खाली माझी सही.

विभागप्रमुखांनी अर्ज परत केला. "असं कुणी लिहितं का हो? 'तांत्रिक अडचण' लिहा ना. तुमच्या बढतीचं काय?"

तांत्रिक अडचण काहीच नव्हती. मी होतो. अर्ज आज पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवला. एक शब्द बदलला नाही. उद्या परत आला, तर उद्याही हाच जाईल.