आमच्या गाडीची खुटखुट आणि कमळाक्काचं लातूर

लातूरला जायचं ठरलं ते मला फिरवायला नाही, गाडी विकायला. हे आधीच सांगून टाकते. म्हातारीनं लपवलं असं पुढं कुणी म्हणायला नको. लपवण्याचा विषय पुढं येणारच आहे.

मी चौथी शिकलेली. नात म्हणाली, "आज्जी, तू बोलतीस तसंच वहीत लिही, मी टाकते ब्लॉगवर. लोक जायच्या आधी वाचतात." म्हणून नांदेडहून लातूरला जाणाऱ्यांसाठी रस्ता, खाणं, पाणी सगळं लिहिलंय. मधेच मी दुसरीकडं वळते. वळू द्या. रस्त्यावर परत येते.

तर गाडी. माझा मुलगा शिवा, कापडाचं दुकान आहे त्याचं. त्यानं मागच्या दिवाळीच्या आधी ही पांढरी गाडी घेतली. कुणीतरी वापरून सोडलेली, पण आमच्या घरात नवीच की! मला तर लई आनंद झाला. एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. दोन माणसं वरून ओढतात, एक खालून ढकलतो, आणि आख्खी बस खिडकीतून बघते. त्या लाजेपायी लातूरच्या थोरल्या बहिणीला, कमळाक्काला, मी चार वर्षं भेटले नव्हते. गाडी आली तेव्हा वाटलं, आता अक्काचं दार लांब नाही.

पूजेच्या दिवशी मी गाडीला लिंबू-मिरची बांधली. शिवानं ती लगेच सोडली. "आई, गाडीत असलं काही न्हाई ठेवायचं. वाळतंय, गळतंय, घाण होतंय." मी गप्प बसले. माझं गप्प बसणं आमच्या घरात कुणाला खरं वाटत नाही, त्या दिवशी मात्र वाटलं.

मग संक्रांतीपासून गाडी वाजायला लागली. खुट. खुटखुट. सपाट रस्त्यावर काही नाही, खड्डा आला की खुटखुट. गळ्यात लाकडी घंटा बांधलेली म्हैस मागं बसल्यासारखं. नांदेडातल्या तीन गॅरेजवाल्यांनी तीन वस्तू बदलल्या, आणि दर वेळी गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडताना खुट म्हणाली. शिवा चिडून गेला. लातूरच्या एका एजंटाला फोन करून त्यानं सौदा ठरवला आणि आम्हाला सांगितलं, "अक्कामावशीकडं जाऊ. वाटेत आवाज सापडला तर गाडी ठेवू. न्हाई सापडला तर दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एजंट येतोय. गाडी त्याला, आपण एसटीनं वापस."

म्हणजे अक्काला भेटायचं, पण शेवटचं. मी सुनेकडं, महानंदाकडं बघितलं. ती म्हणाली, "आत्या, कान उघडे ठेवून बसा."

मे महिना, सकाळी सहा. मे महिन्यात जायचं तर सहालाच निघा, दहानंतर डांबर पाघळतं. डिक्कीत पाण्याचे दोन मोठे जार ठेवले. एरवी पाहुणा पेढे नेतो. यंदा लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, तिथं पेढे नेऊन काय करता? पेढे खाल्ले की तहान लागते.

गोदावरीचा पूल ओलांडला. खाली पात्रात पोरं क्रिकेट खेळायली होती आणि एक जण चेंडू आणायला पार मधल्या धारेच्या जागी चालत गेला. मी हात जोडले, आणि तेवढ्यात पुलाचा जोड आला. खुट.

"मागून आला," शिवा म्हणाला.

"समोरून," महानंदा म्हणाली.

"मधून," मी म्हणाले. दोघांनी मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच वाजले.

लोह्यापर्यंत पाऊण तास लागला. रस्ता बरा आहे, पण ठिगळं लई. ठिगळ आलं की आम्ही तिघं बोलणं थांबवून कान टवकारायचो. लोह्याच्या अलीकडं शिवानं जार सीटच्या मागं दोरीनं आवळले, पाण्याचाच हिंदकळा असेल म्हणून. पुढच्या स्पीडब्रेकरला पुन्हा खुटखुट. मग त्यानं महानंदाला खाली उतरवलं. तिनं स्पीडब्रेकरपाशी वाकून कान द्यायचा आणि ह्यानं गाडी पुढं-मागं घ्यायची. चार वेळा गाडी गेली, चार वेळा आली. दुधाचे कॅन घेऊन एक मोटरसायकलवाला चालला होता, तो थांबला.

"ताई, भांडून उतरलाव का? नांदेडला सोडू?"

"भांडण गाडीचं हाय," महानंदा म्हणाली. "पण जागा हाय का मागं?"

शिवानं दार उघडलं. "बस आत."

लोह्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, सलीमभाई. त्यांच्याकडं जा, माणूस लई गोड. मला खुर्ची दिली, अर्धा ग्लास पाणी दिलं, आणि यंदाच्या साली अर्धा ग्लास म्हणजे पूर्ण मान. गाडीखाली सरकून त्यांनी टॉर्च मारला. "मालक, गाडी कब धोये?" शिवा म्हणाला, धुलाईवाले सगळे बंद, पाणी कुठंय? सलीमभाई म्हणाले, "हौ, तो मेरेकू नीचे गाडी नइ दिखरी, खेत दिखरा." अर्धा तास ते माती खरवडत होते. शेवटी डिक्की उघडली, स्टेपनी ठोकली, डाव्या बाजूच्या झाकणाआडचा जॅक हलवून बघितला. सगळं घट्ट. त्यांनी शॉकअपचं रबर बदललं, साडेतीनशे रुपये घेतले आणि मला म्हणाले, "अम्मा, अब नइ बजेगी."

चौकाच्या वळणावर वाजली. शिवा परत वळला नाही. म्हातारं माणूस आहे, कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणाला. माझं पोर तसं चांगलं आहे. गाडीच्या बाबतीत तेवढं डोकं फिरतं.

अहमदपूरला नाष्टा. सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले मुरमुरे घ्या, किंवा निलंगा राईस, म्हणजे तिखट मसालेभात घ्या, दोन्ही गरम मिळतात, तीसला प्लेट. आम्ही दोन्ही घेतलं. कागदाच्या प्लेटा आणि भिंतीवर पाटी: हात धुवायला पाणी मागू नये. हॉटेलवाल्यानं जुन्या पेपरचा गठ्ठाच दिला. मी हात पुसला तर बोटावर कुणाचं तरी भविष्य उमटलं. महानंदानं वाचलं, "आत्या, प्रवासात लाभ लिहिलंय." शिवा हसला नाही.

पुढं शिरूर ताजबंद. इथून उदगीरला रस्ता फुटतो. फाट्यावर एक गॅरेज आहे, त्याच्या पाटीवर मालकानं कोऱ्या रंगात लिहून घेतलंय: जि. उदगीर. मी म्हणाले, "का हो, जिल्हा झाला का?"

"व्हायलाय की आजी, आज न्हाई तर उद्या. पेंटर आला होता दुसऱ्या कामाला, म्हणलं लिहूनच घ्यावं. परत रंगाचा खर्च कशाला?"

मी हसले. माझं लग्न झालं तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा झाला त्या साली आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक, गल्लीत साखर वाटत फिरले आणि म्हणाले, आता नळाला रोज पाणी. दाजी आता नाहीत. नळही नाही म्हणायला हरकत नाही, आहे नावाला. हे मी पाटीवाल्याला बोलले नाही. माणसाला पाटीचा आनंद असतो.

त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक गाडीला लावलं, दुसरं कानाला, डॉक्टरसारखं. इंजिन, चाकं, पत्रा, सगळीकडं. मग शिवाला शेजारी बसवून फाट्याच्या खड्ड्यांतून दोन चकरा मारल्या.

"मालक, आवाज हाय."

"ते मला बी माहीत हाय."

"पण गाडीचा न्हाई. गाडी ठणठणीत हाय. हे काही तरी बाहेरचं हाय."

झालं. 'बाहेरचं' म्हटल्यावर शिवाचा चेहरा पडला. भुताखेतावर त्याचा विश्वास नाही, पण विकायला एक कारण वाढलं. "बघितलं? तपासायला बी काही राह्यलं न्हाई," तो म्हणाला. पाटीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. "सापडलं न्हाई तर घेऊ कशाचे?" चाकूरपासून पुढं कुणी बोललं नाही, गाडीच तेवढी बोलत राहिली.

लातूर. अक्काच्या गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी निळे ड्रम, आणि ड्रमांना साखळी-कुलूप. सोन्याच्या दुकानातही असलं कुलूप बघितलं नव्हतं मी. अक्का दारातच उभी, कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेत वाकलेली. शिवा जार उतरवायला लागला तशी म्हणाली, "दोनच आणलाव?"

मग माझा हात धरला आणि सोडेचना. आमचं तसंच आहे. बोलताना फटकळ, हात मात्र गरम.

दुपारभर आम्ही बोललो. टँकर आठ दिवसाला येतो, कोणत्या दिवशी ते कुणी सांगत नाही, म्हणून अक्काला घर सोडून परगावी जाता येत नाही. मला गुडघे, तिला टँकर. गाडी विकणार म्हटल्यावर ती बराच वेळ ज्वारी निवडत बसली.

"मग आता परत कधी गं?"

"गुडघे बरे झाले की."

"तुझे गुडघे अन् लातूरचं पाणी. दोन्ही येतंय येतंय म्हणूनच ऐकायलाव."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, दोन्ही एकाच पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी शिवाला म्हणाले, गाडी जायच्या आधी एकदा आम्हा दोघींना महादेवाला नेऊन आण. त्यानं नेलं, महानंदाही बरोबर आली. गाडी गल्लीभर खुटखुट करत गेली. अक्का म्हणाली, "दारं-बिरं बरोबर लागलीत का हिची?" देवळाबाहेर नारळाची दुकानं आहेत, वीसला एक. मी एक उचलला, कानाशी नेला आणि हलवला. आपण बायका हलवल्याशिवाय नारळ घेतच नाही. डुबुक डुबुक. चांगला होता. पण मन भरेना, दुसरा उचलला.

खुट. खुटखुट.

मी हात थांबवला. दुकानदारीण म्हणाली, "आजी, त्यो ठेवा. उन्हानं पाणी आटलंय त्याचं, आत खोबऱ्याचा गोटा सुटलाय. पूजेला चालतंय, पंधराला देते."

मी परत हलवला. खुटखुट. महानंदानं माझ्याकडं बघितलं. पुलाचा जोड, लोह्याचा स्पीडब्रेकर, शिरूरचा फाटा, सगळे माझ्या हातात वाजायले होते.

आणि मला आठवलं. कसं सांगू तुम्हाला! पूजेच्या दिवशी, शिवानं लिंबू-मिरची सोडल्यावर, मी एक नारळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गच्च बांधला होता. म्हणाले होते, महादेवा, ह्या गाडीनं मला एकदा कमळाक्काच्या दारात नेऊन सोडलं, की हा तुझ्या पायरीवर फोडीन. आणि शिवाच्या नजरेला पडू नये म्हणून डिक्कीत उजव्या बाजूला, चाकाच्या वर, झाकणाच्या आत खोल सारला होता. मग दुष्काळ लागला, दुकान बसलं, जाणं पुढं पुढं गेलं, आणि मी नवसच विसरले. देवाचं देणं विसरले, पंच्याहत्तर वेळा गाडीला नावं ठेवली.

"शिवा," मी म्हणाले, "डिक्की उघड. उजवीकडचं झाकण काढ. आधी काढ, मग बोल."

त्यानं झाकण काढलं, हात कोपरापर्यंत घातला आणि लाल फडक्याचं गाठोडं ओढून आणलं. बाहेर येताना ते वाजलं. खुट. शिवा त्या गाठोड्याकडं बघत राहिला. चार गॅरेजांची चार बिलं त्याच्या तोंडावरून गेलेली मी बघितली.

"आई, हे कुणी ठेवलं?"

"महादेवाचं आहे."

"ठेवलं कुणी?"

"मी," म्हणाले.

महानंदानं पायरीवर बसूनच घेतलं, एवढी हसली. अक्का म्हणाली, "लहानपणी बी गूळ लपवून विसरायची. मुंग्या सांगायच्या कुठं हाय ते."

नारळ मी माझ्या हातानं फोडला. पाण्याचा थेंब नाही. आतून आख्खा गोटा सुटून आला आणि टुणटुण करत दोन पायऱ्या खाली गेला. अक्का हात जोडून म्हणाली, "देवा, यंदा तुला बी टँकरच."

नऊला एजंट आला. गाडीत बसला, गल्लीच्या स्पीडब्रेकरवरून तीनदा नेली. काही नाही. उतरून म्हणाला, "मालक, तुम्ही तर आवाज हाय म्हणाला होतात."

"होता," शिवा म्हणाला. "फोडून टाकला. चहा घेऊन जावा."

येताना शिरूरला थांबलो. पाटीवाल्याला गोट्याचं खोबरं दिलं आणि गोष्ट सांगितली. "म्हणलं न्हवतं? बाहेरचंच हाय म्हणून!" त्यानं बाजूच्या हॉटेलवाल्यालाही बोलावून सांगितलं. लोह्यात सलीमभाईंनी खोबरं कपाळाला लावलं आणि साडेतीनशेतले शंभर परत द्यायला लागले. शिवानं घेतले नाहीत. रबर जुनं होतंच म्हणाला.

आता घरी येऊन आठ दिवस झाले. उरलेल्या गोट्याची महानंदानं शेंगदाणे घालून चटणी केली, भाकरीबरोबर लई गोड लागली. गाडीत एवढं सामसूम असतं की खड्डा आला की आम्ही तिघं अजून गप्प होतो आणि वाट बघतो. काही येत नाही. शिवा दर वेळी विचारतो, "आई, अजून कुठं काही ठेवलंय का? आत्ताच सांग."

ठेवलंय. पण ह्या वेळी सगळ्यांच्या समोर. देवळातून निघताना अक्कानं त्याच नारळाच्या दुकानातून एक नारळ घेतला, कानाशी हलवून, चांगला भरलेला बघून, आणि शिवाच्या हातात दिला. म्हणाली, "ह्याचं पाणी आटायच्या आत हिला परत आण." शिवानं तो पुढं, काचेखाली ठेवलाय, आणि ऊन लागू नये म्हणून वर माझा टॉवेल टाकलाय. मी रोज संध्याकाळी जाते, दार उघडते आणि कानाशी हलवून बघते.

डुबुक डुबुक म्हणतो अजून.