पत्र्यावरचे पाय

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की पाण्याआधी रिमोट मागायची. जुन्या सिनेमातली माणसं ताणून रुंद झालेली दिसली की बटणं दाबून चित्र मूळ मापावर आणायची. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की मगच टेकायची. "अहो आत्या, टीव्ही वाया चालला की!" कुणी म्हटलंच, तर उत्तर तयार: "टीव्ही तुझा हाय. चित्र तुझं न्हाई." सगळं चाकूर तिला चौकटआत्या म्हणायचं.

या हट्टाला कारण होतं. एका जुन्या, काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या बाजाराचं शूटिंग चाकूरला झालं होतं. तिचे यजमान, आमचे मामा, तेव्हा तरुण. गर्दीत काही दिसेना म्हणून अडत दुकानाच्या पत्र्यावर चढून बसले आणि सिनेमात आले. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, पाय सोडून, खदखदून हसताना. मामा लवकर गेले. "फोटोत सगळीकडं तोंड पाडूनच हायेत," आत्या म्हणायची, "हसलेले तेवढे तिथंच."

त्या सिनेमाची कॅसेट तिच्याकडे होती. पुतण्याने कोरी समजून तिच्यावर लेकाच्या जावळाचं शूटिंग भरलं. घर हादरलं. आत्या मात्र म्हणाली, "राहू द्या. लेकराचं हाय, पुसू नका. सिनेमा काय, कंपनीकडं असंल की."

कंपनीकडे होताच. मध्यंतरी 'नव्या रूपात' मोबाईलवर आला. मी आत्याच्या टीव्हीला जोडून दिला. बाजार आला. रंगवलेला, पडदाभर. पडदा भरायचा म्हणून वरून-खालून कापलेला. पत्र्यावरून लोंबणारे दोन पाय तेवढे दिसले. आत्याने रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. टीव्हीने ताणलेलं रिमोटने ताळ्यावर येतं, कंपनीने कापलेलं येत नाही.

"रंग लावला तर लावला," ती म्हणाली. "पण डोकं कुठं ठिवलं म्हणावं? तू लई पत्रकं वाटत फिरतोस ना, विचार की त्यांना!"

विचारलं. पत्रकं काढली, लातूरभर सह्या घेतल्या, कंपनीला मेलवर मेल पाठवले. मागणी साधी: तुमचा रंगीत माल खुशाल विका, पण मूळ सिनेमा मूळ चौकटीत घरी बघायला मिळू द्या. उत्तर आलं: "प्रेक्षकांना भरलेला पडदा आवडतो." कोणत्या प्रेक्षकांना? आमच्या घरी विचारायला कोण आलं होतं? जुनं जपलं म्हणून जाहिरात करायची आणि जपताना माणसं छाटायची!

उत्तर वाचून दाखवलं तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "पुन्हा लिही."

लिहीत राहिलो. पोळ्यानंतर आत्या गेली. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला आडवं करत नाहीत, बसवून माती देतात. मामांशेजारीच तिला बसवलं. विभूती लावलेलं कपाळ, मांडी घातलेली, अख्खी.

कंपनीच्या सिनेमात अजून पत्र्यावरून दोन पाय लोंबतायत.